टोला समोरच्या मांडवाला

वरच्या वाडीच्या माळाची मोजणी दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी झाली. ती चालू असताना वाडीतल्या झाडून सगळ्या बायका पौडला तहसील कचेरीसमोर होत्या आणि हसत होत्या. त्यांना हसवत होती ती चांगुणा. मोजणीपाठोपाठ कंपनीने माळाला कुंपण घातलं. त्याचा पहिला खांब चांगुणाच्या पट्टीत रोवला गेला.

वाडी कासार आंबोलीच्या पुढे, रस्ता सोडून डोंगराकडे वळलेल्या फाट्यावर आहे. तीसेक उंबरे असतील. आडनाव सगळ्यांचं एकच, त्यामुळे ते कोणी लावत नाही. चांगुणा वाडीचीच लेक. लग्न होऊन भोरकडे गेली होती. नवरा वारल्यावर लहान मुलीसकट भावाने तिला परत आणलं. मुलगी पुढे माणला दिली. चांगुणा वाडीतच राहिली आणि सगळ्यांची आत्या झाली. वयाने मोठी माणसंही तिला आत्या म्हणत. मीही म्हणायचो.

भावाने तिला माळावरची झऱ्याखालची पट्टी कसायला दिली होती. तोंडी. वडील गेले तेव्हाच तिने हक्कसोड करून दिली होती. बहिणीने वाटणी मागायची नाही, चोळीबांगडी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवायचं, असा इकडचा रिवाज आहे. पट्टी आत्याची, हे वाडीतल्या गुरांनाही ठाऊक होतं. कागदावर ती कुठे नव्हती. पट्टीत ती नाचणी करायची, बांधाला वाल लावायची. भाऊ गेल्यावर जमीन त्याच्या मुलाच्या, सुभाषच्या नावावर आली आणि व्यवस्था तीच राहिली. सुभाषला चालायला आत्याने शिकवलं, असं ती सांगायची. सुभाषही सांगायचा.

पौडला वार्ताहर म्हणून मी काम करतो त्याला बरीच वर्षं झाली. आंदोलनं पुष्कळ पाहिली. घोषणा सगळीकडे सारख्याच असतात, फक्त गावाचं नाव बदलतं. वरच्या वाडीच्या बायका पहिल्यांदा तहसील कचेरीवर आल्या तेव्हा मात्र घोषणा नव्हत्या. पुढे एक काळीसावळी, उंच बाई होती. तिच्या डोक्यावर दुरडी होती आणि दुरडीवर लाल फडकं झाकलेलं होतं. कचेरीच्या पायऱ्यांसमोर ती थांबली, पदर खोचला आणि तिने दारात उभ्या असलेल्या शिपायाच्या पायांकडे पाहिलं. मग गायला सुरुवात केली.

ते रुखवत होतं. आता लग्नात रुखवत म्हणजे कार्यालयाच्या एका कोपऱ्यात टेबलावर मांडलेली शोभा असते. वाडीत अजून जुनी रीत होती. नवरीकडच्या बायका झाकलेली दुरडी घेऊन नवऱ्याकडच्या मांडवात जातात आणि गाण्यातून व्याह्याविहिणीची यथेच्छ टर उडवतात. समोरच्यांनी गाण्यातच उत्तर द्यायचं. उत्तर मिळेपर्यंत फडकं उचलायचं नाही. रागवायचं तर मुळीच नाही. रुखवतात रागावला तो हरला. चांगुणाने ही रीत उचलून तहसील कचेरीत नेली होती.

कारण साधं होतं. माळाच्या खालच्या अंगाला एका खासगी कंपनीने बंगल्यांच्या वसाहतीसाठी जमीन घेतली होती. वरचा माळ आणि झरा त्यांना हवा होता. माळाचा गट सामाईक, हिस्से तोंडी पडलेले. कोणी विकायला तयार नव्हतं, निदान तसं सगळे म्हणत होते. मोजणी होऊन हद्दी कायम झाल्या की एकेकाला फोडणं सोपं जाईल, हे वाडीला कळत होतं. म्हणून मोजणी होऊ द्यायची नाही, एवढी एकच मागणी होती. गावाने बचाव समिती केली. अध्यक्ष माजी सरपंच होते, चिटणीस सुभाष. आणि बायकांनी पाळ्या लावून माळावर बसायला सुरुवात केली.

मोजणीचं पथक पहिल्यांदा आलं तो दिवस वाडीत अजून सांगितला जातो. बरोबर दोन पोलीस होते. बायका उठल्या नाहीत, आडव्याही आल्या नाहीत. चांगुणाने मोजणीदाराचे बूट पाहिले आणि सुरू केलं:

मोजणीवाला आला बाई, टेप त्याची लांबडी,
रान सोडून मोजत बसला पारूची गं कोंबडी.

पारू म्हणजे शेजारची भावजय, चांगुणाची साथ करणारी. तिची कोंबडी खरोखरच टेपवर येऊन उभी राहिली होती. एक पोलीस हसला. मग दुसरा. मोजणीदाराने टेप गुंडाळायला घेतली तेव्हा चांगुणा म्हणाली, "दादा, कोंबडी किती भरली ते तरी सांगून जा. कागदावं घ्या." पथक परत गेलं. पंचनाम्यात 'जमावामुळे मोजणी होऊ शकली नाही' असं लिहिलं गेलं. जमाव सोळा-सतरा बायकांचा होता आणि कोणीही हात उचलला नव्हता.

गाताना तिचा चेहरा हलत नसे. बाजारभाव वाचून दाखवावेत तशी ती गायची. लोक हसून वाकडे व्हायचे आणि ही समोर पाहत उभी. मी एकदा विचारलं, तुम्हाला स्वतःला हसू येत नाही का?

"सैपाक करणारनीनं आधी खाल्लं तर वाढंल काय?" ती म्हणाली.

पायांकडे पाहण्याचं कारणही तिने त्याच दिवशी सांगितलं. "थट्टा पायापासून चालू करायची. तोंडाकडं बघितलं का दया येती." साहेबाचे बूट, कंपनीच्या माणसाची पांढरी चप्पल, टीव्हीवाल्या मुलीचे उंच टाचांचे सँडल, सगळ्यांवर तिच्या ओळी होत्या. एकदा गायलेली ओळ ती पुन्हा म्हणत नसे. कोणी आग्रह केला तर म्हणायची, "शिळं विहिणीला वाढत्यात व्हय?" मोबाईलवर गाणं घ्यायलाही तिची मनाई होती. त्यामुळे तिची गाणी आता कोणाकडे नाहीत. मला आठवतात तेवढी इथे देतो आहे.

शिव्या देऊन आंदोलन करणाऱ्यांबद्दल तिचं मत वाईट होतं. "शिवी दिली का माणूस तितंच भांडतो आन् मोकळा व्हतो. गाणं म्हणलं का त्याला घरी जाऊन कळतं. रातच्याला जेवताना आठावतं. मंग बायकू इचारती, काय झालं? आन् त्याला सांगता येत न्हाई."

पौडला त्या वेळी एक नायब तहसीलदार होते, बीडकडचे. पहिल्या रुखवताच्या दिवशी ते चिडून बाहेर आले. कचेरीच्या आवारात गाणी-बजावणी चालणार नाही, काय सांगायचं ते लेखी द्या, असं म्हणाले. चांगुणाने ऐकून घेतलं आणि गाऊ लागली:

साहेबांच्या डोईवर पंखा फिरं गरागरा,
आमचाच अर्ज उडून जातो, दुसऱ्याचा कसा बसतो बरा.

कारकून खिडकीत जमले होते. नायब तहसीलदारांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि ते आत पळाले. मग साहेबांचं लक्ष दुरडीकडे गेलं.

"हे रुखवत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"वळखलं का साहेब?"

"माझी आई गायची."

"मंग उत्तर द्याचं ठाव असंल. न्हाई दिलं तर आमी हितंच हाये संध्याकाळपतोर."

साहेबांनी घसा साफ केला. सरकारी माणूस आपल्याच कचेरीच्या पायरीवर गाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

रुखवताला उत्तर द्याया साहेब उभा दारी,
अर्ज तुमचा वाचल्याबिगर जाणार न्हाई घरी.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. चांगुणाने दुरडी खाली ठेवून फडकं उचललं. आत नाचणीची भाकरी, झऱ्याच्या पाण्याची बाटली आणि माळावरच्या तांबड्या मातीचं ढेकूळ होतं. रीतीप्रमाणे साहेबांनी तिन्ही वस्तू घेतल्या. अर्ज त्यांनी खरंच वाचला. त्या वेळची मोजणी पुढे ढकलली गेली. पुढे नेहमीप्रमाणे त्यांची बदली झाली. जाताना ते वाडीत येऊन आत्याला भेटून गेले, हे मला पारूने सांगितलं.

त्या बातमीनंतर चांगुणाचं नाव झालं. कासार आंबोलीजवळ शनिवार-रविवारी राहायला येणाऱ्या पुण्याच्या लोकांचे बंगले आहेत. त्यांतल्या एका बंगल्यावर कसलासा समारंभ होता. त्यांनी तिला गायला बोलावलं, गाडी पाठवली. हिरवळीवर माईक लावला होता. चांगुणा दुरडी घेऊन गेली आणि यजमानांना म्हणाली, "व्याही कोण?"

"व्याही कुणी नाहीत आजी, तुम्ही नुसतं गाणं म्हणा."

"समूर कोन न्हाई, मंग टोला कुणाला हानू?"

"आम्हा सगळ्यांनाच मारा," यजमान हसत म्हणाले.

"तुमी माझं काय घेतलंय?" ती म्हणाली, आणि दुरडी उचलून फाट्यापर्यंत चालत आली. तिच्याबरोबर गेलेल्या पारूला तिथलं जेवण सोडावं लागलं, त्याचा राग पारूने महिनाभर धरला.

टोला कोणाला मारायचा, याबाबत चांगुणाचा नियम पक्का होता. टोला समोरच्या मांडवाला. आपल्या मांडवातल्या माणसाचं नाव रुखवतात घ्यायचं नाही. तो कसाही असो, दारू पिऊन पडलेला असो. रुखवत घेऊन निघालेल्या बाईने पाठीमागे बघायचं नसतं. ही शिकवण तिला तिच्या आत्याकडून मिळाली होती. वाडीत ती कोणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

आंदोलनाच्या दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकदा मी माळावर गेलो होतो. बायकांची पाळी चालू होती, पारू आणि चांगुणा दोघी होत्या. खालच्या वाटेने सुभाष नव्या गाडीतून आला. समितीच्या कामाला फिरावं लागतं म्हणून गाडी घेतली, असं त्याने मला सांगितलं. तो बायकांसाठी वडापाव घेऊन आला होता. आत्याला त्याने स्वतःच्या हाताने पाणी दिलं, तिच्या गुडघ्याची चौकशी केली. तो वळून गेल्यावर पारूने हळूच सूर धरला:

"सुभाषरावांची गाडी आली, रंग तिचा पांढरा..."

चांगुणाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मांडवातल्याला न्हाई, पारे."

"वन्सं, मांडवातलाच पंगतीत आदी हात मारतो."

"माजा भाचा हाय त्यो."

"म्हून तर म्या सुरू केलं. तुमी करनार न्हाई."

पुढची ओळ पारूने म्हटली नाही. चांगुणा वालाच्या शेंगा तोडत बसली. पारू तिच्याकडे पाठ करून वडापाव खात होती.

मार्गशीर्षातला तो मोर्चा समितीने ठरवला. नवे तहसीलदार आले आहेत, त्यांना वाडीची ताकद दाखवायची, सगळ्या बायकांनी यायचं, माळावर कोणी थांबायची गरज नाही, असा निरोप होता. सुभाषने दोन टेम्पो ठरवले. आदल्या दिवशी तो आत्याकडे येऊन म्हणाला, "आत्या, उद्याचं रुखवत असं व्हऊ दे का तालुक्यानं ध्यानात ठिवलं पायजे. घाई करू नगंस. दुपारपतोर चालू दे." मोजणीची तारीख समितीला माहीत होती. बायकांना ती कोणी सांगितली नाही.

ते रुखवत चांगुणाचं सगळ्यांत लांबलेलं. पौडच्या एसटी स्टँडवरची माणसं येऊन उभी राहिली. शेजारच्या हॉटेलातली पोरं भजी तळायची सोडून आली. कंपनीने छापलेल्या चित्रात बंगल्यांच्या मधोमध पोहण्याचा तलाव दाखवला होता. त्यावर तिने गायलेलं त्या दिवशी गर्दीने उचलून धरलं:

व्याह्याच्या गं बंगल्याला निळं निळं तळं,
झरा आमचा पळिवला, वर आमीच म्हणं खुळं.

तहसीलदार बाहेर आले नाहीत. ते त्या दिवशी कचेरीत नव्हते. शिपायाने हे सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण समितीच्या अध्यक्षांनी 'येतील, तुम्ही गात राहा' असा आग्रह धरला. सुभाष मोर्चात नव्हता. तो जेवणाची व्यवस्था बघतो आहे, असं सांगण्यात आलं. उत्तर कोणी न दिल्यामुळे दुरडीवरचं फडकं तसंच राहिलं. दुपारी बायका परत निघाल्या. मी दुसऱ्या टेम्पोत चालकाशेजारी बसून गेलो, कारण मला माळाचा फोटो हवा होता.

फाट्यावर वळेपर्यंत मागे गाणं चालू होतं. वळणावरून माळ दिसतो. गाणं तिथे थांबलं.

माळावर लाल फडक्यांच्या खुणा लावलेल्या होत्या. कंपनीचा ट्रॅक्टर सिमेंटचे खांब उतरवत होता. झऱ्याखाली खांब उभा होता आणि त्याच्या बुडाशी उपटलेला वाल पडला होता. सुभाष आणि समितीचे तिघे बांधावर होते. चांगुणा टेम्पोतून उतरून सरळ त्यांच्यापाशी गेली. तिने सुभाषच्या पायांकडे पाहिलं. पायताणाला तांबडी माती घोट्यापर्यंत होती.

"हद्द कुनी दावली?" तिने विचारलं.

"आत्या, आदी ऐकून घे."

"कुनी दावली?"

"मोजणी व्हनारच हुती. आज न्हाई तर उद्या, पोलीस घिऊन. मंग तुमाला ओढून काढलं असतं. तुमच्या अंगाला धक्का लागू नये म्हून केलं आमी हे. शांततेत झालं, वंगाळ काय झालं?"

"माझी पट्टी?"

सुभाषने समितीच्या माणसांकडे पाहिलं. ते खांब मोजत असल्यासारखे दुसरीकडे बघत होते.

"तुज्या नावावं कुटं हाय ती, आत्या?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. समजूत घालावी तसा तो बोलला.

चांगुणा ज्या गोष्टीसाठी प्रसिद्ध होती ती म्हणजे उत्तर. तहसीलदाराला, पोलिसाला, कंपनीच्या साहेबाला उत्तर देताना ती कधी अडली नव्हती. त्या दिवशी ती उपटलेल्या वालाकडे वळली. पारू मागून ओरडत होती. "इच्यारतीया कुनाला वन्सं, त्याची पायताणं बगा की." सुभाषने पारूला गप्प राहायला सांगितलं. चांगुणाने खाली बसून वालाच्या वेलावरच्या धरलेल्या शेंगा तोडून ओट्यात घेतल्या आणि ती घराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर पौडच्या रुखवताची बातमी फोटोसह आली. फोटोत सगळ्या बायका हसत आहेत. मोजणीची बातमी त्यानंतरच्या दिवशी आली, चार ओळींची. दोन्ही मीच पाठवल्या होत्या.

पुढच्या महिन्यांत काय काय घडलं ते थोडक्यात सांगता येईल. समितीतल्या चौघांनी आधी जमीन दिली, मग इतरांनी. हरकत घेणाऱ्यांत पारूचा नवरा होता. त्याची हरकत फेटाळली गेली. चांगुणाला हरकत घेता आली नाही, कारण तिने हक्कसोड दिलेली होती. वकिलाने तिला तसं सांगितलं तेव्हा मी तिथे होतो. ती वकिलाला म्हणाली, "भावानं दिलीवती, समद्या गावाला ठाव हाय. गाव सांगंल की." वकील म्हणाला, "आजी, गावातल्या दोघांना साक्षीला घेऊन या." ती पुन्हा त्या वकिलाकडे गेली नाही. पारू यायला तयार होती. दुसरं कोणी नव्हतं.

मुलीने तिला माणला नेलं. माणची शेती कधीच संपलेली. मुलीच्या घराने जमिनीवर तीन मजले चढवले आहेत आणि खोल्या भाड्याने दिल्या आहेत. भाडेकरू नागपूर, लातूर, जळगावकडची कंपन्यांत काम करणारी मुलं. चांगुणा सकाळी पाण्याची मोटर चालू करायची आणि टाकी भरली की बंद करायची. ती गाते हे तिथे कोणाला माहीत नव्हतं.

सुभाषच्या मुलीचं लग्न गेल्या वैशाखात पौड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात झालं. रुखवत नवरीच्या आत्येआजीने न्यावं, असं सुभाषच्या मनात होतं. व्हिडिओवाला खास सांगितला होता. सुभाष स्वतः माणला जाऊन चांगुणाला आमंत्रण देऊन आला. कार्यालयाच्या दारात भेटल्यावर मला म्हणाला, "आत्या येतीया. गंगेवानी मन हाय तिचं. इसरली बगा समदं."

पारूही आली होती. रुखवताच्या टेबलावर थर्माकोलचा महाल आणि फराळाची ताटं मांडलेली होती. त्याच्या शेजारून चांगुणा दुरडी घेऊन नवऱ्याकडच्या बायकांसमोर आली. वाद्यं थांबवली गेली. तिने पदर खोचला, विहिणीच्या पायांकडे पाहिलं आणि तिच्या जोडव्यांवर एक कडवं म्हटलं. कडवं सरळ होतं, कोणाला लागणारं नव्हतं. विहीणबाई खूश होऊन हसल्या आणि उत्तर जुळवू लागल्या.

तेवढ्यात चांगुणा वळली. नवऱ्याकडच्यांकडे पाठ करून ती स्वतःच्या मांडवाकडे तोंड करून उभी राहिली. पुढच्या रांगेत सुभाष, माजी सरपंच आणि समितीची बाकीची माणसं फेटे बांधून बसली होती.

भाच्यानं माझ्या हद्द दाविली, हात केला लांब,
आत्याबाईच्या रानामंदी रवला पयला खांब.

पहिली ओळ होईपर्यंत मागे काही पोरं सवयीने हसली. दुसरीला कोणी हसलं नाही. पारूने साथ धरली. चांगुणाचा आवाज नेहमीसारखाच होता, चेहराही तसाच.

अक्षता वाटा, पेढं वाटा, वाटा मानपान,
आत्याबाईच्या वाट्याला आलं हसायाचं दान.

नवऱ्याकडची एक म्हातारी पुढे आली. तिला रीत माहीत होती, पण हे तिने कधी पाहिलं नव्हतं. "विहीणबाई," ती म्हणाली, "ह्याचं उत्तर आमी द्याचं का त्यांनी?"

"ज्याला कळलं त्यानं," चांगुणा म्हणाली.

ती वाट बघत उभी राहिली. माजी सरपंचांनी फोन कानाला लावला. नवरी स्टेजवरून खाली बघत होती. सुभाष उठला. तो आत्याकडे येईल असं मला वाटलं. त्याने वाजंत्र्यांना हात केला आणि वाद्यं पुन्हा सुरू झाली. चांगुणाने दुरडी डोक्यावरून उतरवून तिथेच मधोमध ठेवली. फडकं कोणी उचललं नाही. जेवणाकडे जाणारी माणसं दुरडीला वळसा घालून जात होती. चांगुणा आणि पारू जेवल्या नाहीत. रस्त्यावर येऊन त्यांनी एसटीला हात केला.

व्हिडिओत तेवढा भाग नाही. मी सुभाषला त्याबद्दल विचारलं. "घरातली गोष्ट हाय," तो म्हणाला. "पेपरात घिऊ नगा."

त्यानंतर मी चांगुणाआत्याला एकदाच भेटलो, गेल्या महिन्यात. तालुक्यातल्या दुसऱ्या एका गावात रस्त्यासाठी मोजणी लागणार आहे. तिथल्या बायका पौडला अर्ज द्यायला आल्या होत्या. त्यांनी वाडीच्या रुखवताबद्दल ऐकलं होतं. गाणी बांधून देईल का, विचारायला त्यांना आत्याकडे जायचं होतं. पत्ता सांगण्याऐवजी मी त्यांच्यातल्या सहा जणींबरोबर माणला गेलो.

आत्या जिन्याखाली खुर्चीवर बसली होती. मोटर चालू होती, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागत होतं. बायकांतली पुढारी सगळं सविस्तर सांगत होती. साहेब ऐकत नाहीत, पण गावातले पुरुष पाठीशी आहेत. गावच्या समितीनेच आज सगळ्यांना पौडला जायला सांगितलं. सगळ्या एकजुटीने आल्या होत्या. बाकीच्या चाळीस जणी पौडला स्टँडवर थांबल्या होत्या.

"दोन गाणी द्या आत्या," ती म्हणाली. "साहेबाला झोंबतील अशी."

आत्याने उठून मोटर बंद केली आणि परत येऊन बसली.

"आत्ता रानात कोन हाय?" तिने विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने पदराच्या गाठीतून मोबाईल काढला आणि घरी लावला. पलीकडून कोणी उचलला नाही. मग त्यातल्या दोघी उठल्या, चपला घातल्या आणि गाणं न घेता गावाची एसटी धरायला निघाल्या.